त्याचा चिमटा, माझा कान

१९५८ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझा उजवा कान त्याच्या चिमट्यात होता.

चिमटा तापलेला होता. फार तापलेला असता तर आज कान राहिला नसता, पण पाळीवर डाग आहे तो आहेच. न्हाव्याला अजून सांगावं लागतं, बाबा, इथं जरा जपून.

चिमट्याचं दुसरं टोक ज्याच्या हातात होतं त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की माणूस मोठा होतो. मी तीन बुकं शिकलेला माणूस, एकेक अक्षर काढायला मला वेळ लागतो. तो वेळ त्याच्या नावासाठी घालवायची माझी तयारी नाही. तो आमचा शेजारी होता, एवढं तुम्हाला पुरे. माले गावाच्या अंगाला आमची वाडी. त्याचं परडं आणि आमचं परडं यांच्यामध्ये निरगुडीचं कुंपण. इकडं आम्ही भांडी घासायचो, तिकडं तो भाजत बसायचा.

भाजणं हाच त्याचा जीव. शेती होती, भाताची चार खाचरं होती, पण ती बायकोच्या जिवावर. हा परड्यात. भिंतीला खुंट्या मारलेल्या आणि त्यांवर त्याचा सगळा संसार टांगलेला. हातभर लांब चिमटा, दोन दातांची सळई, जाड तारेची जाळी, केस खरवडायचं बोथट खुरपं, निखाऱ्याला वारा घालायला फुटक्या सुपाचा तुकडा. तेल लावायला कांद्याच्या पातीची जुडी बांधायचा, ती मात्र दर वेळी ताजी. बायकोच्या अंगावर दागिना नव्हता, पण ह्याच्या सळईच्या मुठीला पितळेचं कडं होतं.

त्यातला चिमटा त्याच्या हातातून कधी सुटायचा नाही. बोलायच्या आधी दोनदा वाजवायचा, टक् टक्, मग बोलायचा. पाठ खाजवायची तर चिमट्यानं. कुणी तंबाखू पुढं केली तर ती पुडीसुद्धा चिमट्यानं घ्यायचा. कुणाला विडी पेटवायची असली तर चिमट्यात निखारा धरून तोंडाजवळ न्यायचा, आणि माणूस ओढायला लागला की निखारा बोटभर मागं. माणूस पुढं वाकायचा. निखारा आणखी मागं. असं करत करत त्यानं एकदा पाटलांना बसल्या जागेवरून पार उठवलं होतं. पाटील हसले. पाटलांना हसता येत होतं, त्यांचं काही गेलं नव्हतं.

आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य. कुणी त्याच्या वस्तूकडं हात नेला की टक् टक्, आणि मग, "हात लावायचा न्हाई. बगायचं."

सख्खा भाऊ असो, पाहुणा असो, सगळ्यांना हेच. जाळी उसनी मागायला गेलेल्या माझ्या आईलाही हेच. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. वस्तू त्याची असते, पण बघणाऱ्यालाच आपण भिकारी आहोत असं वाटायला लागतं.

आता कान कसा सापडला ते सांगतो.

चैत्रात आमच्याकडं वाघजाईला बकरं पडतं. मटणाचं कालवण काय, बायकाही करतात, कुणीही करतं. पण मुंडी आणि पाय आधी जाळावर धरून केस जाळावे लागतात, मग खरवडून, हळद लावून, पुन्हा निखाऱ्यावर भाजावे लागतात. पायांचं कुणी बघत नाही. मुंडी मात्र देवीपुढं पळसाच्या पानावर ठेवतात आणि सगळी वाडी तिचे कान बघते. कातडं तडकायला नको, केस राहायला नको आणि दोन्ही कान उभे, शाबूत पाहिजेत. तसं झालं की भाजणाऱ्याला जिभेचा मान. ती जीभ त्यानं सगळ्यांच्या आधी, सगळ्यांसमोर खायची. हा मान माझ्या आठवणीत त्याचाच होता. आधी त्याच्या बापाचा.

त्या वर्षी माझं नवं लग्न झालेलं. सासरे जवळच्या चांदे गावाहून आलेले, बरोबर दोन मेहुणे. सासरे तोलून मापून बोलणारे, धोतराची घडी न मोडणारे. मी त्यांना पुढं बसवलं. जावई कसा मानाचा आहे ते त्यांनी बघावं, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू.

तो मुंडी भाजत होता. गालाखाली एका जागी जाळ जास्त लागत होता. चरचर ऐकू येत होती. तो दुसरीकडं बघून कुणाला तरी गोष्ट सांगत होता. मी म्हटलं, "काका, गाल करपतोय," आणि मुंडी फिरवायला सळईला हात घातला.

टक् टक् वाजलं नाही. सरळ कान धरला.

असा धरला की मी ओणवा झालो. आणि तसंच धरून त्यानं मला सासऱ्यांसमोर फिरवलं, जशी मुंडी फिरवतात तसं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. म्हणाला, "पावणं, ही मुंडी कच्चीच ऱ्हायली की वो. परत घिऊन जा, चार दिस आनि भाजा, मग पाठवा."

वाडी हसली. बायका पदरात हसल्या. मेहुणे तर मांडीवर थाप मारून हसले. आणि माझे सासरे, धोतराची घडी न मोडणारे, तेही हसले. मी कान सोडवून घेतला आणि उभा राहिलो. त्यानं मुंडी उतरवली तेव्हा गालावर काळा डाग होता. मी पाहिला. त्यानंही पाहिला. त्या जागी त्यानं हळद जरा जास्त चोळली, आणि जीभ खाल्ली.

घरी जाताना बायको म्हणाली, "कान दुकतोय का?"

"न्हाई."

"मग तोंड कशापाई असं केलंय?"

तेव्हापासून मी कच्ची मुंडी. पौडच्या बाजारात भाजीवाली हाक मारायची, "या कच्ची मुंडी, वांगी घ्या." बैलं घेऊन जाताना बांधावरून कुणीतरी ओरडायचं. बायको माहेरी गेली तर चांद्यात तिला कच्च्या मुंडीची म्हणायला लागले. ती परत आली ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी तिला विचारलं नाही. मला कळलं होतं.

मी मनाशी ठरवलं. देवीची मुंडी मी भाजणार, माझ्या चिमट्यानं, आणि जीभ त्याच्यासमोर खाणार. ते होईपर्यंत भाजलेल्या घासाला तोंड लावणार नाही. कणीसही नाही, पापडही नाही. लोक म्हणाले, पापडानं काय केलं? मी म्हटलं, माझं मी बघतो.

आमच्या चुलतभावानं मला एक सोपी वाट सांगितली होती. "त्याच्या सरपणात बिब्याचं लाकूड सारू. धूर लागला की तोंड असं सुजंल का आठ दिस बायकू वळखायची न्हाई." मी त्याला हाकलून दिलं. मला त्याचं तोंड सुजायला नको होतं. मला ते उतरलेलं बघायचं होतं.

पौडला लोहाराकडं गेलो. तेव्हा रस्त्याचं काम चाललं होतं, एका मोडक्या ट्रकची कमानपट्टी तिथं पडलेली. ती दाखवून मी म्हटलं, "ह्याचा चिमटा कर. दीड हाताचा."

लोहार म्हणाला, "एवडा? बैल धरायचाय का काय?"

"बैलच समज."

पहिला चिमटा झाला तो इतका ताठ की दाबायला दोन्ही हात लागायचे. दुसऱ्यांदा पातळ केला तर निखारा सुटून पायावर पडायचा. तिसऱ्यांदा जमला. छत्रीच्या काड्या घासून बारीक सळया केल्या, त्यावर कलेजीचे तुकडे चांगले बसतात. जाळी मात्र चुकली. कणगीला लावायची जस्ताची जाळी स्वस्तात मिळाली म्हणून आणली आणि तिच्यावर कोंबडी भाजली. तिच्यावरचं जस्त कोंबडीला लागलं, घरातल्या सगळ्यांची पोटं ढवळली. कुंपणापलीकडून टक् टक् ऐकू आलं. मग, "कल्लई भाजलीस व्हय रं?"

मी जाळी उचलून ओढ्यात फेकली.

मी रोज त्याच्या नाकासमोर भाजत होतो. मुद्दामच. ओढ्यातले खेकडे, मासे, बाजारातून आणलेल्या मुंड्या. खाणार घरचे, मी नाही. बायको म्हणायची, "गावात आपल्याला आता मुंड्याचं दुकान म्हनत्यात." आणि दर वेळी कुंपणापलीकडून त्याचं नाक वर व्हायचं. डोकं दिसायचं नाही, निरगुडीच्या वर नुसतं मुंडासं आणि नाक. वास घ्यायचा आणि एक शब्द टाकायचा.

"करपलं."

मी उलटून बघायचो तर खरंच कुठंतरी करपलेलं असायचं. मला त्या नाकाचा इतका राग यायचा की काय सांगू. पण तुम्हाला एक सांगतो, मी भाजायला शिकलो ते त्या नाकामुळं. तो म्हणेल त्याच्या आधी मुंडी फिरवायची, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. जाळ कधी ओढायचा, ओलं पोतं कधी मारायचं, तेलाची पात कुठं फिरवायची, सगळं त्याच्या एका शब्दाच्या भीतीनं शिकलो. त्यानं मला काही शिकवलं असं मात्र मी म्हणणार नाही. मेलो तरी म्हणणार नाही.

दोन पावसाळे गेले. एके दिवशी संध्याकाळी मी मुंडी भाजत होतो. मुंडासं वर आलं. नाक वर आलं. मी थांबलो. बायको तांब्या हातात धरून थांबली. नाक बराच वेळ तिथंच होतं.

मग ते खाली गेलं. काही बोलला नाही.

बायको म्हणाली, "आज काय झालं म्हाताऱ्याला?"

मी म्हटलं, "काय न्हाई. खा." मी उठून ओढ्याकडं गेलो आणि तिथं एकटाच मोठ्यानं हसलो.

तिसऱ्या वर्षी मुंबईच्या एकाला नवस फेडायचा होता म्हणून देवीला दोन बकरी आली. देवळापुढं सगळे बसले होते, सासरेही आले होते. मीच आवतण धाडलं होतं, त्यांना तिथं बसवायचंच होतं. मी उभा राहिलो आणि पाटलांना म्हटलं, "एक मुंडी माझ्याकडं द्या."

कुणीतरी मागून म्हणालं, "कच्ची?"

पाटलांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं चिमटा वाजवला. "द्या की. दातं घट हायत अजून लोकांची, चावतील."

दोन चुलाणं शेजारी शेजारी मांडली. वारा त्याच्या बाजूनं माझ्याकडं होता. मी माझी हत्यारं पोत्यावर मांडली. सासरे बघत होते. मी पेंढ्याच्या जाळावर केस जाळले, खरवडले, हळद लावली, मुंडी निखाऱ्यावर धरली आणि मग कुणाकडं बघितलं नाही. बघितलं ते शेवटी, जेव्हा माझ्या नाकात वास आला.

वास माझ्या मुंडीचा नव्हता. त्याच्या.

मी मान वळवली. त्याच्या मुंडीचा डावा कान वळत चालला होता. टोकाला धूर येत होता. तो समोर बसला होता, मुंडीकडं तोंड करून, डोळे उघडे. आणि नाक वर केलेलं. तेव्हा मला कळलं. त्याला दिसत नव्हतं. इतक्या वर्षांचा धूर त्या डोळ्यांत गेला होता, आणि तो कधीपासून तरी नाकानंच भाजत होता. माझ्या परड्यातलं करपलेलं त्याला कुंपणापलीकडून नाकानं कळायचं. आज त्याच्याच मुंडीचा वास वारा माझ्याकडं आणत होता. त्याच्याकडं काही जात नव्हतं.

हात लांब केला असता तर त्याची सळई माझ्या हाताला आली असती. एक शब्द बोललो असतो तरी कान वाचला असता. मी हात मांडीवर ठेवले.

हात लावायचा न्हाई. बगायचं. त्याचंच सांगणं. मी बघितलं. कान पुरता काळा होऊन चिरेपर्यंत बघितलं.

मला वाईट वाटलं का, असं पुढं बायकोनं विचारलं. नाही वाटलं. आज विचाराल तरी नाही. तीन वर्षं मी बाजारात मान खाली घालून वांगी घेतली होती, आणि माझ्या बायकोला तिच्या माहेरी मान वर करता आली नव्हती.

पाटलांनी दोन्ही मुंड्या पानावर घेतल्या. माझ्या मुंडीचे कान उभे. त्याच्या मुंडीचा एक कान पानावर गळून पडला. मी वाट बघत होतो. आता हसतील. आता कुणीतरी म्हणेल, आता मांड्यांवर थापा पडतील.

कुणी हसलं नाही.

त्यानं हात पुढं केला. चिमटा नव्हे, हात. बोटांनी पान चाचपलं, मुंडी चाचपली, एका कानावरून बोट फिरवलं, दुसऱ्या बाजूला नेलं. तिथं कान नव्हता. बोट तिथंच जरा वेळ राहिलं. मग माझी मुंडी चाचपली. खालून, गालावरून, कानामागून. सगळे बघत होते.

"कुनी भाजली ही?" त्यानं विचारलं. त्याला ठाऊक होतं कुणी भाजली.

"मी," मी म्हटलं.

"जीभ काड आनि खा. थंड झाली की चिवट हुती."

मी जीभ काढली आणि त्याच्यासमोर, सासऱ्यांसमोर, सगळ्यांसमोर खाल्ली. तीन वर्षांनी भाजलेलं तोंडात गेलं. चव सांगू? चांगली होती. लई चांगली होती. आणि घशाखाली जाताना टोचत होती, तेही सांगतो, कारण तेही खरं आहे.

सासऱ्यांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवसानंतर मला कुणी कच्ची मुंडी म्हटलं नाही. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. मी ते परत करणार नाही.

त्याचा मुलगा मुंबईला डबे पोचवायचा. जत्रेला आला होता. बापाचे डोळे त्यानं त्या दिवशी पाहिले, आम्ही सगळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या मोटारीनं तो बापाला मुंबईला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेला. म्हातारा परत आला नाही. डोळ्यांचं काही झालं नाही, आणि पावसाळ्यात तिकडंच चाळीत तापानं गेला. निरोप आला तेव्हा आम्ही लावणीत होतो. मी रोप तसंच हातात धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, "लावा की, पाणी वसरंल." मग लावलं.

पण मला त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळचंच सांगायचं आहे.

देवीच्या चुलाणाची राख भाजणाऱ्यानं न्यायची आणि आपल्या राबावर, भाताच्या रोपाच्या वाफ्यावर, टाकायची, अशी आमच्याकडं रीत आहे. भाताचं रोप त्यावर चांगलं येतं म्हणतात. दर वर्षी तो उजाडायच्या आत पाटी घेऊन देवळापुढं असायचा. त्या सकाळी मी गेलो. चुलाणं दोन होती, दोन्हींत राख. मी माझी पाटी भरली, माझ्या राबावर टाकली. परत येऊन बघतो तर दुसरं चुलाण तसंच. वाऱ्यानं राख उडायला लागली होती.

मी पाटी पुन्हा भरली. उपकार म्हणून नाही. उद्या त्याच्या घरच्यांनी म्हणू नये की मान घेतला तो घेतला, राखही खाल्ली.

त्याच्या खाचरात गेलो आणि राबावर राख टाकायला लागलो. त्याची म्हातारी बांधावर येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"कोन हाय रं ते?"

"मी हाय, काकी."

"आमच्या राबात काय करतुयास?"

"राख टाकतुया."

"कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

ती मोटारीच्या रस्त्याकडं बघत होती. मग तिनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "मग नीट टाक की. सगळी एका कडंला टाकून ठिवलीस."

मी वाकलो आणि हातानं सगळीकडं सारखी केली.